तारांची उंची

“अजून किती खाली आणता येतील, मास्तर?”

इनास मास्तरांनी मान वर केली नाही. मांडीवरचं व्हायोलिन ते जुन्या फडक्याने पुसत होते.

“काय?”

“तारा. माझ्या गिटारच्या.”

“तू कुठवर आणल्यास?”

“आता त्यांच्याखालून कागदसुद्धा सरकत नाही,” उल्का म्हणाली.

दुपारचे तीन वाजले असतील. वसईच्या केळीच्या वाड्यांमधलं ते घर. ओटीवर येईपर्यंत ऊन हिरवं झालेलं. पाटाचं पाणी बुंध्याबुंध्यापाशी थांबत, रेंगाळत, पुढे जात होतं. नाशिकहून निघाल्यापासून उल्काने दहा वेळा घड्याळ पाहिलं होतं. इथे टेकल्यापासून मात्र तिला किती वाजले याची आठवणच राहिली नव्हती.

मास्तरांनी चाळीस वर्षं लग्नांच्या बँडमध्ये गिटार वाजवली होती. आता सत्तरी उलटल्यावर ते ओटीवर बसून लोकांची वाद्यं बरी करत. लांबून लोक येत. उल्काही आली होती. पण खरं म्हणजे ती विचारायला आली नव्हती. दाखवायला आली होती.

तिने पेटी उघडली आणि लाल इलेक्ट्रिक गिटार बाहेर काढली.

“दीड वर्ष लागलं. सगळं मी घरी केलंय, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. खुंट्या बदलल्या. तारांखालची घोडी नवी बसवली. दांडीच्या पाठीवरचं व्हार्निश घासून काढलं, अंगठा अडकायला नको म्हणून. दांडीवरचा एकेक पडदा कानशीने सारखा केला. मग नटच्या खाचा खोल केल्या.”

नट म्हणजे दांडीच्या टोकाची ती हाडाची पांढरी पट्टी. तिच्या खाचांतूनच तारा खुंट्यांकडे जातात.

“फुंकर मारली तरी तार दबेल आता,” ती म्हणाली.

“वाजव.”

उल्काने वायर काढली.

“वायर राहू दे. आधी तिचा स्वतःचा आवाज ऐकू.”

तिने वाजवायला सुरुवात केली. बोटं दांडीवरून नुसती वाहत गेली. कुठे अडणं नाही, कुठे जोर नाही. पण प्रत्येक सुराच्या बुडाशी एक बारीक खरखर होती. काड्यापेटीत माशी कोंडावी तशी.

मास्तर ऐकत राहिले... ती थांबली.

“थोडी खरखरते,” शेवटी तीच म्हणाली. “म्हणून तर आले. तुम्ही पडदे अजून जरा घासून दिलेत, तर...”

“तारेला हलायला जागा कुठे ठेवलीस?”

“हाताला त्रास होऊ नये म्हणून खाली आणल्या.”

“हाताला काय झालंय?”

“काही नाही.”

मास्तरांनी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तिने तो मांडीखाली सरकवला.

केळीच्या पानांत वारा आला आणि निघून गेला...

मास्तरांनी गिटार आपल्याकडे ओढली. तारा सैल केल्या आणि लाकडाच्या बारक्या ठोकणीने नटला अलगद दोन ठोके दिले. पांढरी पट्टी सुटून त्यांच्या तळहातावर आली.

“कागद आहे?”

उल्काने पिशवीतून वही काढली आणि शेवटचं कोरं पान फाडून पुढे केलं.

“हे नको. लिहिलेलं दे.”

“त्यात मापं आहेत, मास्तर. प्रत्येक तारेची. दर आठवड्याची.”

“हो ना. म्हणूनच.”

तिचा हात जरा वेळ वहीवरच राहिला. मग तिने एक पान काढून दिलं. मास्तरांनी त्याची नखाएवढी रुंद पट्टी कातरली, दुमडली, नटखालच्या खाचेत घातली आणि नट वर बसवला. पेचकसाने घोडीही थोडी उचलली. तारा पुन्हा ताणल्या. घाई कसलीच नव्हती. मध्येच उठून ते पाटाचं पाणी दुसऱ्या सरीला लावून आले आणि पाय धुऊन पुन्हा बसले.

“आता छेड.”

तिने मोकळी तार छेडली. माशी उडून गेली होती. सूर स्वच्छ, गोल, लांब... ओटीच्या कडेपर्यंत जाऊन वाडीत उतरला.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. दोन वर्षांत तिने तो ऐकला नव्हता.

मग तिने बोटं ठेवली. पहिलं बोट दाबलं गेलं. मधलंही. अनामिका तारेवर टेकली, थरथरली, घसरली. नुसता थप्प आवाज झाला.

तिने पुन्हा करून पाहिलं. थप्प.

तिसऱ्यांदा तिने दात आवळले.

थप्प.

“हे बोट दाबत नाही,” ती म्हणाली. इतक्या हळू, की पाण्याचा आवाज मोठा वाटावा. “कार्यक्रमाहून एकटीच घरी परतत होते. गाडीच्या दारात सापडलं. हाड जुळलं, पण जोर आलाच नाही. बँडमधल्यांना सांगितलं, मनगट दुखतंय, काही दिवस थांबते. दोन वर्षं झाली. आता पुढच्या महिन्यात ते मला परत बोलावतायत... आणि मी हो म्हणून बसलेय.”

“कुणाला ठाऊक आहे?”

“कुणालाच नाही. आईलाही वाटतं, बोट बरं झालंय. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.”

“मला सांगितलंस. आता गिटारला सांग.”

उल्काला समजेना.

मास्तरांनी तिची अनामिका दोन बोटांत धरली. त्यांची स्वतःची बोटं गाठाळ, वाकलेली होती. त्यांनी तिचं बोट उचललं आणि बरोबर मधोमध, बाराव्या पडद्याच्या वर, तारेवर आणून ठेवलं.

“दाबू नकोस. बाळाच्या टाळूला हात लावतो ना, तसं.”

“हे मला येतं, मास्तर,” ती पटकन म्हणाली. “पहिल्याच वर्षी शिकवतात. नुसतं टेकवून सूर काढायचा.”

“तेव्हा कुठल्या बोटाने काढलास?”

“यानेच.”

“हेच होतं?”



“नाही,” ती म्हणाली. “तेव्हा ते चांगलं होतं.”

“मग हे तुला कुठे येतं...”

ती हसली नाही, रागावलीही नाही. नजर खाली करून तिने त्या बोटाकडे पाहिलं. दोन वर्षांत तिने त्याच्याकडे असं बघितलंच नव्हतं. नख जरा वाकडं वाढलं होतं. पेरावर एक पांढरी रेघ होती. तिने त्याच्यावरचा सगळा जोर काढून घेतला. बोट आपल्याच वजनाने तारेवर राहिलं, जेमतेम.

उजव्या हाताने तिने तार छेडली आणि डावं बोट उचललं.

घंटेसारखा सूर आला. बारीक, उंच, पारदर्शक. विहिरीत वरून प्रकाश पडावा तसा तो लाकडात उतरला आणि तिथून तिच्या बरगडीला लागला. ओटीवरचं हिरवं ऊन, पाणी, समोरचा म्हातारा, सगळं त्या सुरात तरंगू लागलं. तिने पुढच्या तारेवर बोट टेकवलं. मग त्याच्या पुढच्या. जे बोट दाबू शकत नव्हतं, ते एकेक करून सहाही तारांवर जाऊन आलं आणि कुठेच घसरलं नाही.

तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

सूर बारीक होत गेला... आणखी बारीक... मग नाहीसा झाला. आता फक्त पाटाचं पाणी ऐकू येत होतं.

मास्तर डोळे मिटून बसले होते. त्यांचा तळवा गिटारच्या कडेवर होता.

मग तिला पुढचा महिना आठवला. मंच, दिवे, ते सगळे चेहरे. घोडी आणखी किती उचलावी? का या तारा काढून जाड लावाव्यात? बोट टेकवून एवढे सूर मिळतील, पण बाकीच्या गाण्याचं काय?

“मास्तर,” ती हळूच म्हणाली आणि पेचकसाकडे हात नेला, “आता अजून काय करायचं?”

“श्श...” मास्तर डोळे न उघडता म्हणाले. “अजून वाजतंय.”