बंबातला जाळ

अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं, त्या काळची गोष्ट. डोंगरातल्या एका गारठलेल्या गावात द्वारकाकाकूंच्या न्हाणीघरात असाच एक बंब होता. मधल्या नळीत लाकडं पेटवायची आणि वर लोखंडी झाकण अर्धवट सरकवायचं. घरात नियम एकच: जेवढं गरम पाणी घ्याल, तेवढं गार ओता.

नळीतल्या जाळाला झाकणाचा भारी राग. "माझा गळा दाबतंस!" तो गुरगुरायचा.

"गळा नाही रे, नुसता हात धरलाय," झाकण म्हणायचं.

एकदा लग्नाच्या गडबडीत काकू झाकण ठेवायला विसरल्या. जाळ नळीबाहेर उसळला, पाणी खदखदलं. "काय बंब आहे!" पाहुणे म्हणाले. जाळ आणखीच चेकाळला. एरवी सकाळभर पुरणारी लाकडं तासाभरात संपली. गार पाणी मात्र ओतलं जातच होतं. सगळ्यांचं उरकून काकू शेवटी आल्या, तेव्हा बंबात बर्फासारखं पाणी. राखेत धुगधुगणाऱ्या जाळाला फक्त त्यांच्या दातांची कडकड ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी पेटल्या पेटल्या जाळच झाकणाला म्हणाला, "सरक बाबा अर्धं."

त्या दिवशी शेवटच्या तांब्यालाही वाफ होती. "आज कसं सुरेख तापलंय बाई!" म्हणत काकू न्हाल्या आणि बंबाखालचा निखारा चिमट्याने उचलून त्यांनी चूल पेटवली.

चुलीत उभा राहत जाळ ऐटीत म्हणाला, "किती भडकलो, ते कालच्या पाहुण्यांना विचारा. किती उरलो, ते काकूंना विचारा!"