महाराजांच्या नावाचा हौदा

महाराजांचा अंगरखा आठवड्यात तिसऱ्यांदा उसवला आणि दोष शिंप्यावर नाही, साळूबाईवर आला!

साळूबाई मुदपाकखान्यात पाट्यावर बदाम वाटायची. चिंचवली संस्थानाचे रणझुंजार महाराज (शेवटची झुंज त्यांनी मच्छरदाणीशी दिली होती, तीही हरले) आणि दरबारचा मल्ल सिदोजी, दोघांचा खुराक तिच्याच हातचा. सिदोजी तिचा सख्खा भाचा. आता भाचा असला म्हणून ती त्याच्या वाटीत चार बदाम जास्त टाकणारी बाई नव्हती, पण महाराजांना कोण सांगणार?

झालं होतं असं, की दसऱ्याला सिदोजीची छाती पाहून महाराजांनी पैलवान व्हायचं ठरवलं. खाऊन! पैलवान चार अंडी खातो? आम्हाला आठ! तो एकदा थंडाई पितो? आम्ही तीनदा! शिवाय एवढ्या कष्टानंतर तोंड कडू राहू नये म्हणून वर वाटीभर बासुंदी. दोन महिन्यांत सिदोजीचे दंड भरले. महाराजांचंही भरलं, पण मधलं.

"साळे!" महाराज गरजले. "दूध-तूप एका गोठ्यातलं, बदाम एका पोत्यातले, पाटासुद्धा एकच. मग त्याचा खुराक दंडात जातो आणि आमचा पोटात कसा?"

"पोट? कुठं आहे पोट?" दिवाणजी म्हणाले. बिचारे महाराजांच्या पाठीमागे उभे होते.

"सरकार, सिदोजी पहाटे हजार जोर मारतो..." साळूबाई म्हणाली.

"जोरांचा इथं काय संबंध? आम्ही खाण्याबद्दल बोलतोय!"

"जी, मी बी त्याच्याबद्दलच बोलते. घाम गाळून आला की त्याला दूध-अंडी लागतात, दुपारी डाळ-भाकरी, मोडाचे हरभरे, रातची पोटभर झोप. ज्याचं जेवढं काम, तेवढं त्याचं खाणं."

"म्हणजे आम्ही कमी खावं?"

दरबारात दिवाणजींनी कानांवर हात ठेवले! असलं अभद्र तिथं कोणी बोललं नव्हतं.

"कळलं आम्हाला," महाराज म्हणाले. "खुराकातली ताकद तू भाच्यासाठी काढून ठेवतेस! आठ दिवस देतो. आठव्या दिवशी आमचं तूप आमच्या हाताला लागलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर सिदोजीचा खुराक बंद आणि तू वेशीबाहेर!"

जत्रेची कुस्ती तीन आठवड्यांवर. ऐन वेळी खुराक तुटला तर सिदोजी काय वारा खाऊन लढणार? साळूबाईने पदर खोचला.

"सरकार, तालमीतली दोन गाड्या लाल माती द्या. आधी मातीला खुराक घालून दाखवते."

"मातीला खुराक?"

"तर! तूप, ताक, हळद, लिंबू पाजल्याबिगर कुठला पैलवान मातीत उतरतो? खडबडीत मातीत अंग सोलून निघंल की!"

मुदपाकखान्याच्या मागे शेजारी शेजारी आखाड्यात असतात तसे लाल मातीचे दोन छोटे हौदे झाले. एक सिदोजीच्या नावाचा, एक महाराजांच्या.

"आमच्या हौद्याला दुप्पट घाला!" महाराजांनी फर्मावलं.

"घालते जी. आन सिदोजी त्याचा हौदा रोज खणणार. तुमच्या हौद्याचं काय करू?"

"आमच्या नावाची माती आणि तिला खोरं लावणार? खबरदार! वर छत्री धरा!"

मग काय, आठ दिवस एक शिपाई मातीवर छत्री धरून उभा. शेजारी सिदोजी पहाटे उठून खोऱ्याने खालची माती वर, वरची खाली करत होता.

आठव्या दिवशी महाराज आले. सिदोजीच्या हौद्यात त्यांनी हात घातला तो कोपरापर्यंत गेला! माती कशी, चाळलेल्या पिठासारखी. मग मोठ्या ऐटीत ते आपल्या हौद्याकडे वळले आणि दिवाणजींनी नाकाला उपरणं लावलं. वर जाड पापडी, तिच्यावर तुपाचं थारोळं, ताक आंबलेलं आणि मुंग्यांची तर जत्राच!

"आमच्या हौद्याची ही दशा? तूप कोणी चोरलं?"

"चोरलं न्हाई सरकार. सगळं हितंच हाय. दुप्पट हाय!"

"मग मुरलं का नाही?"

"मुरायला माती हलाया लागती! सिदोजीनं रोज उलथीपालथी केली, म्हणून तूप कणाकणात गेलं. हितं कुणी खोरंच लावलं न्हाई. तुपाला वाट मिळंना, मग बसलं बिचारं मधोमध, ढीग करून!"

महाराजांनी हौद्याकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या मधोमध पाहिलं. शिपायाची छत्री थरथरली.

"आन नाव कुणाचं?" साळूबाई म्हणाली. "म्हणं साळूनं ताकद चोरली!"

महाराज हसायला लागले. असे हसले की अंगरखा चौथ्यांदा उसवला!

"आण ते खोरं!" त्यांनी स्वतः तीन घाव घातले, घाम पुसला आणि ओरडले, "थंडाई आणा!"

"सरकार, अजून नुसत्या मुंग्या उठल्यात!"

पुन्हा हशा! सिदोजीचा खुराक तहहयात चालू झाला. साळूबाईला बक्षीस म्हणून महाराज मनगटातलं सोन्याचं कडं काढू लागले, पण दोन महिन्यांच्या खुराकाने ते रुतून बसलेलं. निघेना! दिवाणजींनी ओढलं, शिपायाने ओढलं. शेवटी साळूबाईने तुपाची वाटी आणली, मनगटाला चांगलं चोळलं आणि कडं सुळकन आपल्या हातात घेतलं.

"बघा सरकार," ती म्हणाली, "आठव्या दिवशी तुमचं तूप तुमच्या हाताला लागलं!"