हौसा कुणावर गेली?

जिथे ढग रोज सकाळी डोंगराच्या मांडीवर येऊन बसतात, तिथे मोरझरी नावाचं गाव होतं. त्या गावात हौसा नावाची एक मुलगी राहायची. तिला आई नव्हती, बाबा नव्हते. एका म्हातारीला ती पिंपळाखाली सापडली, म्हातारीने हौसेने नाव ठेवलं, आणि मग म्हातारीही देवाघरी गेली. आता हौसा सालूमावशीच्या गोठ्यात झोपायची, मावशीच्या चिमुकल्या धुरपीला दिवसभर सांभाळायची आणि शिळी भाकरी खायची.

गावाची एक रीत होती. मुलं सात वर्षांची झाली की दिवेलागणीला देवळासमोर उभी करायची. गावचे कारभारी आबाजी एकेका मुलाकडे बघून विचारायचे, “हे लेकरू कुणावर गेलं?” मग कुणी म्हणायचं, “नाक आमच्या आत्याचं.” कुणी म्हणायचं, “चाल आजोबांची.” लेकरू ज्याच्यावर गेलं, त्याच्या घरात त्याची जागा पक्की. ज्याच्यासाठी कुणीच बोललं नाही, त्याला डोंगरापलीकडे परक्यांची भांडी घासायला धाडायचे. आई-बाप नसणं हा लेकराचा गुन्हा कसा काय, हे मात्र त्या शहाण्या गावात एकानेही कधी विचारलं नव्हतं.

यंदा हौसाला सात वर्षं झाली होती.

“हौसा कुणावर गेली?” पोरं चिडवायची. “हौसा वाऱ्यावर गेली.”

देवळासमोर उभं राहायच्या दिवशी दुपारी धुरपी झोपली, तशी हौसा देवराईत जाऊन बसली. देवराई म्हणजे देवाचं रान. तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी घरी नेत नसे. हिरव्यागार पानांतून सोनेरी ऊन ठिबकत होतं. झऱ्यावर निळ्या चतुर किड्यांची झुंबड होती. आणि दोन फांद्यांमधल्या कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकत होतं.

हौसा जवळ जाऊन वाकली. ती होती एक इवलीशी परी. बोटाएवढी. पंख मोरपिसासारखे, झगा जांभळ्या ढगाचा.

“जाळं फाड, बाळ,” परी म्हणाली.

“पण कोळी कुठे राहील?” असं म्हणत हौसाने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले, मान तिरकी करून कोळ्याला “सरक हो राजा” म्हटलं आणि एकेक धागा हळूच बाजूला केला. परी सुटली, आणि जाळंही जिथल्या तिथे राहिलं.

परी तिच्या तळहातावर येऊन बसली. सारी देवराई उजळली. पानापानावर जणू बारीक बारीक पणत्या लागल्या.

“दोन गोष्टी माग. पण अट ऐक. दुसऱ्याकडचं मागशील, तर तेवढं तुझं माझ्या ओंजळीत राहील. सूर्य बुडाला की ओंजळ मिटली. मग मलाही ती उघडता येणार नाही.”

हौसाने विचार केला नाही. “मला इनामदारांच्या घरचा तोंडवळा दे. घारे डोळे, गालावर खळी. म्हणजे त्यांच्या काकू म्हणतील, ही आमच्यावर गेली.”

परीने फुंकर घातली. हौसा झऱ्यात वाकली. पाण्यातून घाऱ्या डोळ्यांची एक देखणी मुलगी वर बघत होती. हौसा हसली, तर ती मुलगी खळी पाडून हसली.

ती धावत गावात आली. इनामदारांच्या काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. हातातलं सूप तसंच राहिलं.

“अगं बाई, हे डोळे तर आमच्या घरचे. कुणाची गं तू?”

“तुमचीच असेन, काकू.”

“मग संध्याकाळी मी बोलेन हो तुझ्यासाठी. ये, लाडू खा आधी.”

तो तुपाळ लाडू हौसाने धुरपीसाठी परकराच्या ओच्यात घेतला. धुरपी नुकतीच उठून अंगणात बसली होती.

“धुरपे, बघ काय आणलंय.”

धुरपीने लाडू घेतला नाही. “हौ कुठंय?”

“मीच की गं हौ.”

धुरपीने त्या देखण्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. मग ती तिच्या पाठीमागे गेली आणि तिथे हौसाला शोधू लागली. दाराआड बघितलं, गोठ्यात बघितलं, आणि ओठ काढून रडू लागली.

सूर्य डोंगराला टेकला होता. हौसा जिवाच्या आकांताने देवराईकडे पळत सुटली.

“परी, माझा चेहरा परत दे. हीच माझी दुसरी गोष्ट.”

“आता कुठे घर मिळत होतं तुला.”

“मिळत होतं. पण धुरपी मला शोधतेय.”

परीने ओंजळ उघडली. चांदण्यासारखं काहीतरी हौसाच्या गालांवरून ओघळलं. झऱ्यात तिचे काळे डोळे आणि नकटं नाक उजळून निघालं. आपला चेहरा इतका वेळ बघत राहावासा वाटेल, हे तिला माहीतच नव्हतं.

दिवे लागले. देवळासमोर मुलं उभी राहिली. आबाजींनी विचारलं, “हौसा कुणावर गेली?”

कुणी बोललं नाही. इनामदारांच्या काकू घाऱ्या डोळ्यांची मुलगी शोधत होत्या.

एवढ्यात गर्दीतून धुरपी दुडुदुडु पुढे आली. वाटेत लोकांच्या पायांत कुत्र्याचं एक लंगडं पिल्लू सापडलं होतं. ती खाली बसली, कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले आणि मान तिरकी करून म्हणाली, “सरक हो राजा. इकडे माझ्याजवळ ये.”

आधी सगळे हसले. मग कुणीच हसेना. तो आवाज, ती मान, ते मनगट सगळ्या गावाने रोज पाहिलं-ऐकलं होतं.

“हिला हे कुणी शिकवलं, सालू?” आबाजींनी विचारलं.

“शिकवणार कोण?” सालूमावशी म्हणाली. “आमच्या घरात कुत्र्याला कुणी राजा म्हणत नाही. दगड मारतो आम्ही, खोटं कशाला बोलू? आबाजी, माझी धुरपी हौसावर गेलीय.”

आबाजींनी हौसाकडे आणि मग सालूकडे पाहिलं. “लेकरू ज्याच्यावर जातं तो त्या लेकराच्या घरचाच असतो, ही आपली रीत. म्हणजे हौसा तुझ्या घरची.”

“होतीच,” मावशी खाली बघत म्हणाली. “माझंच तोंड उघडत नव्हतं.”

तिने हौसाला जवळ ओढलं. त्याच क्षणी देवराईवर जांभळा, निळा, सोनेरी उजेड कारंज्यासारखा उसळला. त्या उजेडात एक इवलीशी परी पंख पसरून वर वर गेली आणि चांदण्यांत विरघळली.

सगळं गाव तोंड उघडं टाकून वर बघत होतं. धुरपी मात्र हौसाकडे बघत होती.