आश्रमाच्या छपरावरचे दात

केवलगिरी महाराजांनी ठरवलं, फ्लोराइड म्हणजे विष. आमच्या शाळेतली फ्लोराइडची पेस्ट बंद, उद्यापासून पोरांना आश्रमाची बिनफ्लोराइडची.

“आश्रमातल्या पोरांचा एक किडका दात दाखवा, मी माघार घेतो,” ते गरजले.

आश्रमाच्या अंगणात तिथली पोरं ओळीनं उभी होती, पण महाराजांच्या धाकानं ओठ घट्ट मिटून.

मला, शाळेच्या चौथी नापास शिपायाला, फ्लोराइड काय कळणार? पण पडलेला दुधाचा दात पोरं छपरावर फेकतात, एवढं कळतं. मी आश्रमाच्या पत्र्यावर बांबू हाणला. वर कुणीतरी झोपेत दात खावेत तसं करकरलं, आणि महाराजांच्या पुढ्यात काळे, पोखरलेले दात टपटप पडू लागले. थांबेचनात.

महाराज पुटपुटले, “हे कुठून आलं?”

“पोरांची तोंडं तुम्ही मिटवलीत, महाराज. मग मी छपरालाच आ करायला लावलं.”