दिलेला विस्तव

एका राज्यात, डोंगरापलीकडे, निवळखेडे नावाचे गाव होते. त्या गावात सूर्य बुडाला की विस्तव विझे. पूर्वीच्या राजाने तिथल्या भट्ट्यांवर धूरपट्टी बसवली होती. जितका धूर, तितका कर. चिडून एका मांत्रिकाने शाप दिला, "धूरच उरणार नाही, मग कर कशावर घ्याल?" गावचा धूर राजवाड्यातल्या पेटीत कोंडला गेला, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी विस्तव विझू लागला. पेटी कोणाला उघडेना. तिच्यावर एक कोतवाल पक्षी बसून असे.

गावात जो तो आपला विस्तव झाकून ठेवी, तरी तो विझेच. कारागीर निघून गेले.

राजा अमात्य हरिपालाला म्हणाला, "पौर्णिमेला उरलेली माणसे गाड्यांत घालून इकडे आणा. गाव मोडा."

हरिपालाने सारी शास्त्रे वाचली होती, म्हणूनच त्याला कशाची खात्री नसे. तरी तो म्हणाला, "महाराज, जो तिथे भट्टी घालील त्याला करमाफी द्यावी. आज तिथे जन्मलेली मुलगी डोक्यावर घागर घेऊन चालू लागेपर्यंत."

"आणि नाही जमले तर?"

"त्या गाड्या मीच हाकीन."

पहिला आला काचेचा व्यापारी. त्याने रंगवलेल्या ज्वाळांची भट्टी उभारली, माफीची मुद्रा घेतली आणि राजधानीतल्या आपल्या मालावर उमटवली. दुसरा आला लोखंडाचा व्यापारी. मुद्रा त्यानेही घेतली. तो सकाळी विस्तव आणि माणसे राजधानीहून आणी, दिवस कलण्याआधी दोन्ही परत नेई. गावात उरलेल्या गोदूआजीच्या हातांना चकमक झेपत नसे. ती विस्तवासाठी खापरी घेऊन त्याच्या दारी गेली, तर तो म्हणाला, "आमचा विस्तव मोजून आणलेला असतो."

हरिपालाची झोप उडाली. गाव वसवतो आहोत की लबाडांना वाट दाखवतो आहोत? तो पेटीपाशी गेला. "माझे काय चुकले?"

कोतवाल म्हणाला, "भट्टी कोण घालील ते विचारलेस. विस्तव कोणाला मिळेल ते विचारले नाहीस."

पौर्णिमेच्या सकाळी तिसरी आली येसू तांबटीण, गाढवावर भाता लादून. भट्टी रसरसली, येसू हंडा घडवू लागली, तशी गोदूआजी खापरी घेऊन दारात उभी राहिली.

"मला दिलास तर तुझा हंडा अर्धा राहील, पोरी."

"राहू दे. तुमची चूल आधी."

सूर्य बुडाला. भट्टी विझली. गाड्या आल्या. हरिपालाने खाली मान घालून कासरा हाती घेतला.

"आजी, चढा."

"चढते की. चुलीवर भाकर आहे, तेवढी होऊ दे."

"चूल?" हरिपाल वाकून आत पाहू लागला. चुलीत विस्तव लाल होता. दिलेल्या विस्तवावर शाप चालत नव्हता.

येसूने त्याच चुलीतून भट्टी पुन्हा पेटवली. मग घरोघरच्या खापऱ्या आल्या. तिकडे राजवाड्यात पेटी उघडली, वर्षानुवर्षांचा धूर निघाला, राजाला खोकवून डोंगर ओलांडून आपापल्या छपरांवर जाऊन बसला. गाड्या रिकाम्या परतल्या. राजाने फर्मान बदलले: ज्याच्या भट्टीचा विस्तव शेजारी नेतील, त्यालाच माफी. दोन्ही व्यापाऱ्यांच्या मुद्रा मेणासारख्या वितळल्या.

वर्षे गेली. एके दिवशी ती मुलगी घागर घेऊन चालू लागली, आणि कर मागायला हरिपाल स्वतः आला. वाटभर त्याला धाकधूक होती.

"येसूबाई, माफी संपली. आता जाल?"

येसूने कर त्याच्या ओंजळीत ठेवला आणि भाता ओढला.

"कशी जाऊ, अमात्य? माझा विस्तव घराघरांत गेलाय. कुठला कुठला गोळा करून नेऊ?"