ईश्वरीची तपासणी

"मुलीची वेगळी तपासणी कशाला हवी, मॅडम?"

डॉक्टर नचिकेत उभ्याउभ्याच विचारत होता. इतकी वर्षं कुणालाच न सापडलेलं त्याला सापडलं होतं. समर्थच्या एका जनुकात बिघाड होता. लाखात एखाद्याला होणारा आजार.

बाहेर बाकावर ज्योत्स्ना ठोंबरे आपल्या समर्थला आणि धाकट्या ईश्वरीला घेऊन बसली होती. पहाटेच्या एसटीनं आली होती.

विद्वांस मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. अशी मुलं पाहण्यातच त्यांचा जन्म गेला होता. नचिकेत त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"दोघंही उशिरा चालली," तो म्हणाला. "दोघंही बोलत नाहीत. दोघांनाही झटके येतात. भावाचा आजार कळला, म्हणजे बहिणीचाही कळलाच की."

"कळला?"

"एकाच घरात दोन दुर्मिळ आजार? असं कुठं होतं, मॅडम?"

मॅडमनी ज्योत्स्नाला आत बोलावलं.

मुलं फरशीवर बसली. मॅडमनी टेबलावरचा स्टीलचा पेला कोपरानं ढकलून दिला.

केवढा आवाज झाला. समर्थ दचकून रडायला लागला.

ईश्वरी पाठमोरी बसून आईच्या पदराशी खेळत होती.

ती खेळतच राहिली...

नचिकेतनं पेला उचलला. पण टेबलावर ठेवला नाही. हातातच धरून उभा राहिला.

मग ईश्वरीचे कान तपासले, रक्त तपासलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं, तेव्हा ज्योत्स्ना मुलांना घेऊन पुन्हा आली. समर्थमधला बिघाड तिच्यात नव्हताच. तिचा आजार निराळा. त्या आजारात कान जातात. श्रवणयंत्र केव्हाच बसवता आलं असतं.

"आताही बसवू," नचिकेत म्हणाला. "उपयोग होईल, ताई."

ज्योत्स्ना बराच वेळ लेकीकडे बघत राहिली.

"म्हणजे हिला ऐकूच येत नव्हतं?"

"नाही..."

"मी ओरडायचे हो हिच्यावर. ऐकत नाही म्हणून."

तिनं मुलांना उठवलं, पिशवी खांद्याला लावली आणि ती गेली.

नचिकेत खुर्चीत बसला.

"चुकलो, मॅडम. पण दोघं किती सारखी दिसतात... तेच कपाळ, तेच डोळे, तीच हनुवटी..."

मॅडमनी थकून डोळे मिटले.

"भावंडं आहेत रे ती."