घोंगडीखालचा गोखरू

एका राज्यात, त्याचं नाव मला कुणी सांगितलं नाही, एका राजाला दोन लेकी होत्या. थोरली चंद्रकळा, धाकटी केतकी. मांत्रिकाच्या शापानं केतकीचं मानेखालचं अंग लाकूड झालं होतं. वैद्य थकले. तेव्हा खिडकीत साळुंकी येऊन बसली नि बोलली, "राजा, तीन सकाळी लेकीला घोड्यावर बसव. खोगीर नको, नुसती घोंगडी. लगाम धरून पायी चालावं ते घोड्याच्या धन्यानं."

पागेत शांत घोडा एकच, मोरवा. तो थोरलीचा. शिंगरू होता तेव्हापासून तिनं त्याला हातानं हरभरे चारलेले.

"बाळ, बहिणीसाठी एवढं कर," राजा म्हणाला.

"आज्ञा, आबासाहेब." पण तिच्या मनात आलं, सगळं हिचंच होतं, आता घोडाही हिचाच.

पहिल्या सकाळी तळ्याभोवती फेरी. दासींनी दोन्ही अंगांनी धरलेलं. मोरवा डुले तशी केतकीची कंबर डुले. परतताना तिची पाठ आपली आपण सरळ राहिली.

दुसऱ्या सकाळी टेकडी. चढावर केतकीची बोटं सुटली नि आयाळीत रुतली. ती हसली. मोरव्यानं मान वळवून तिचा गुडघा हुंगला. थोरलीनं हाक मारली, तर त्यानं कानही हलवला नाही.

"मला ओळखतो हो हा, अक्का."

"दोन दिवसांत? बरंच की."

तिसऱ्या सकाळी थोरलीनं घोंगडीखाली गोखरूचा काटा ठेवला. घोडा उधळेल, हिला टाकेल, मग माझा मला परत मिळेल.

नदीच्या वाळूत मोरव्याचं अंग थरथरलं. पण तो उधळला नाही. पाऊल आणखी हलकं टाकू लागला.

"अक्का, थांब. याला काहीतरी टोचतंय."

"चल गं. वाळू आहे."

"नाही. माझ्या मांड्यांना कळतंय."

लाकडाला कधी कळत नसतं. थोरली जागीच थांबली. केतकी हळूहळू घसरत खाली उतरली, उभी राहिली नि घोंगडी उचलली. तिच्या तळहातावर गोखरू आला, त्याला रक्त.

"मीच ठेवला," थोरली म्हणाली. "तो माझा होता गं."

"अजून तुझाच आहे. त्यानं मला पाडलं असतं, तर दोष तुझ्यावर आला असता. म्हणून सोसलं त्यानं."

थोरलीनं मोरव्याच्या मानेवर तोंड टेकलं. त्यानं तिची ओंजळ हुंगली, हरभरे शोधत.

"आता तू बस, अक्का."

"आज कुणीच नाही बसायचं. त्याची पाठ दुखतेय."

वेशीवर राजा वाट पाहत होता. घोडा मधे, दोघी दोन बाजूंना, तिघंही पायी. शाप तिथं पुरता सुटला, नि ही गोष्टही तिथंच पायउतार झाली.